खराटा आणि ओसरी : वऱ्हाडातील प्रचारकाचा दिवस

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील कामरगाव हे काळ्या मातीच्या, कापूस, सोयाबीन आणि तुरीच्या पट्ट्यातील एक मोठे गाव आहे आणि ज्या वऱ्हाडात ते वसले आहे, त्या वऱ्हाडाने विसाव्या शतकात महाराष्ट्राला लोकशिक्षणाची एक स्वतंत्र रीत दिली. या रीतीत सांगणारा माणूस आधी गावाची नाली उपसतो, मग घरोघरी जाऊन ओसरीवर बसतो, माणसांची विचारपूस करतो आणि दिवस मावळल्यावर त्याच माणसांसोबत प्रार्थनेला किंवा भजनाला बसतो. म्हणजे हाताचे काम, घरभेट आणि उपदेश या तीन गोष्टी त्याच क्रमाने येतात. या चळवळीचा इतिहास लिहिताना भजनांवर, ग्रंथांवर आणि लाखोंच्या मेळाव्यांवर पुष्कळ लिहिले गेले, मात्र ज्या साध्या प्रचारकाने हे सारे गावागावांत टिकवून धरले, त्याच्या एका दिवसाची रचना क्वचितच तपासली गेली. ती रचना तपासण्यासारखी आहे, कारण श्रम आणि घरभेट यांची सांगड या दिवसात इतकी पक्की बसलेली आहे की त्यांतील एक बाजू काढून घेतली, तर दुसरीला गावात अर्थ उरत नाही.

या परंपरेचा भूगोल कामरगावापासून दूरचा नाही. वाशीम हा स्वतंत्र जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याआधी कित्येक दशके कारंजा शहर आणि मूर्तिजापूर ही एकाच जिल्ह्यातील गावे होती आणि ब्रिटिश काळात तर कारंजा मूर्तिजापूर तालुक्यातच मोडत असे. याच मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे, आजोळी, डेबूजी झिंगराजी जाणोरकर या मुलाचे बालपण गुरे राखण्यात आणि शेतीच्या कामात गेले. त्याचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला होता आणि वडील दारूच्या व्यसनाने अकाली गेल्यामुळे आईने त्याला माहेरी आणले होते. १९०५ साली घर सोडून निघालेला हा माणूस पुढे गाडगे महाराज किंवा गाडगेबाबा म्हणून ओळखला गेला. या परंपरेतील दुसरे नाव माणिक बंडोजी इंगळे यांचे, म्हणजे तुकडोजी महाराजांचे. ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली येथे त्यांचा जन्म झाला, वरखेडच्या आडकोजी महाराजांकडून त्यांना दीक्षा आणि नाव मिळाले, आणि अमरावती-नागपूर रस्त्यावरील मोझरी येथे त्यांनी गुरुकुंज आश्रम उभा केला. १९३६ साली ते सेवाग्रामला महात्मा गांधींच्या सहवासात काही आठवडे राहिले, १९४२च्या आंदोलनात त्यांना अटक होऊन नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत ठेवण्यात आले, आणि सुटकेनंतर त्यांनी श्रीगुरुदेव सेवामंडळाची बांधणी गावोगाव सुरू केली.

दोघांच्या पद्धतीत एक मूलभूत फरक आहे. गाडगेबाबा एकटे येत, हाती खराटा, अंगावर चिंध्यांचे वस्त्र आणि जवळ मातीचे गाडगे. गावात शिरताच ते झाडायला लागत, लोक जमत, काही जण हाती खराटा घेत आणि रात्री कीर्तनात बाबा त्याच गावाच्या उकिरड्याविषयी, दारूविषयी, कर्ज काढून केलेल्या लग्नांविषयी, देवापुढे कापल्या जाणाऱ्या बोकडाविषयी प्रश्न विचारत आणि उत्तरे श्रोत्यांच्याच तोंडून काढून घेत. फुकटची भाकर खायची नाही हा त्यांचा कडक नियम होता; आधी कुणाची लाकडे फोडायची, कुणाच्या शेतात राबायचे आणि मगच भाकर घ्यायची. मात्र आपला कोणी शिष्य नाही असे ते सांगत आणि काम आटोपले की पुढच्या गावाला निघून जात. त्यांनी मागे ठेवल्या त्या संस्था : पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथील धर्मशाळा, मूर्तिजापूरचे गोरक्षण, शाळा आणि वसतिगृहे. या संस्थांचा कारभार पाहण्यासाठी १९५२ साली गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. तुकडोजी महाराजांनी मात्र गावातच माणसे बांधून ठेवण्याचा मार्ग धरला. गावोगावी शाखा, शाखेचे काम पाहणारा सेवाधिकारी, त्याच्यावर तालुका आणि जिल्हा पातळीवरील सेवाधिकारी, आणि या सगळ्यांना जोडणारे, गावोगाव फिरणारे प्रचारक अशी ती रचना आहे. या प्रचारकांपैकी ज्यांनी संसार बाजूला ठेवून सारे आयुष्य कामाला दिले, त्यांना आजीवन प्रचारक म्हणतात. गाडगेबाबांनंतर गावात स्वच्छतेची आठवण राहिली आणि तुकडोजी महाराजांनंतर गावात भेटीला जाण्याजोगी घरे राहिली. प्रचारकाच्या दिवसाला आकार आला तो या दुसऱ्या गोष्टीमुळे.

धर्मकार्य करणाऱ्याने लोकांच्या घरी जावे आणि त्यांच्या कामाला हात लावावा ही कल्पना अर्थातच एका प्रदेशाची मक्तेदारी नाही. लॅटर-डे सेंट्स या अमेरिकेत उगम पावलेल्या ख्रिस्ती पंथाचे तरुण मिशनरी दीड ते दोन वर्षे घरापासून दूर, दोघादोघांच्या जोडीने राहतात आणि त्यांच्या आठवड्यात सभासदांच्या भेटींसोबत सेवाकार्याचे तासही असतात; कुणाचे अंगण साफ करणे, कुणाचे सामान हलवणे अशी कामे ते करतात. वाशीम जिल्ह्यालाही ख्रिस्ती मिशनचा शेजार जुना आहे. नाझरीन चर्चने १९३०च्या दशकात वाशीम येथे सुरू केलेल्या रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटलने या भागातील अनेक पिढ्यांना औषधोपचार पुरवले. या दोन्ही उदाहरणांत सेवा करणारा बाहेरून येतो, त्याची भाषा आणि त्याचे ठिकाण वेगळे असते, आणि रुग्णालयासारखी सेवा गावाला स्वतः उभी करता न येणारी असते. सेवामंडळाच्या प्रचारकाजवळ गावाकडे नाही असे काहीच नसते. फावडे, टोपले, खराटा ही साधने गावचीच, त्याची भाषा वऱ्हाडी, त्याचे शेत बहुधा पलीकडच्याच कुठल्या तालुक्यात. त्यामुळे त्याने केलेले काम पाहताना, हे आपल्यालाही करता आले असते, हा विचार गावकऱ्याला टाळता येत नाही. प्रचारकाच्या श्रमांचा खरा परिणाम साफ झालेल्या नालीपेक्षा या विचारात अधिक आहे.

प्रचारकाचा दिवस पहाटे सुरू होतो. सूर्योदयापूर्वी सामुदायिक ध्यान असते. त्यात शाखेचे सेवक ठरलेल्या जागी रांगेत, शांतपणे बसतात. ध्यानानंतर ग्रामसफाई आणि रामधून येते. रामधून म्हणजे गावाच्या रस्त्यांवरून शिस्तीने रांगेत, भजन म्हणत काढलेली फेरी. तिच्या वाटेवरचे रस्ते आधी झाडून, सडा टाकून आणि जमेल तिथे रांगोळी काढून तयार केले जातात. सणावारी किंवा सप्ताहात हा कार्यक्रम मोठा होतो, एरवी चार-सहा माणसांवरही चालतो. कामरगावासारख्या मोठ्या गावात संपूर्ण गाव एका सकाळी झाडून होणे शक्य नसते, म्हणून प्रचारकाला वस्तीची निवड करावी लागते आणि ही निवड वाटते तितकी साधी नसते. मुख्य रस्ता आणि देवळाचा पार निवडला तर काम सर्वांना दिसते, परंतु ते आधीच बरे असलेल्या जागेवर केलेले काम ठरते. गावकुसाबाहेरची वस्ती निवडली तर गरज भागते, परंतु तिथल्या माणसांना आपल्याकडे अस्वच्छ म्हणून पाहिले जाते असे वाटण्याचा धोका असतो. जाणता प्रचारक म्हणून आधी सार्वजनिक जागा घेतो, म्हणजे विहिरीचा किंवा हापशाचा परिसर, शाळेभोवतीची जागा, बाजार भरतो ते मैदान, आणि ज्या वस्तीत काम करायचे तिथल्या माणसांना आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवतो.

या ठिकाणी जातीचा प्रश्न टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. महाराष्ट्रातील गावात घाण उचलणे हे शतकानुशतके काही ठरावीक जातींवर लादलेले काम होते आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७च्या महाड परिषदेपासून आपल्या अनुयायांना मेलेली ढोरे ओढण्यासारखी कामे सोडून देण्याचे आवाहन केले, ते माणुसकीच्या अधिकारासाठी. ज्याच्या आजोबांनी खराटा टाकण्यासाठी गावाचा रोष पत्करला, त्याच्या हाती नातवाच्या पिढीत कोणी सेवेच्या नावाखाली पुन्हा खराटा देऊ लागला, तर त्याला त्यात अपमान दिसणे स्वाभाविक आहे. तोच खराटा जमीनदार घरातील माणसाने, सर्वांदेखत, स्वतःच्या घराच्या मागच्या नालीत धरला तर त्याचा अर्थ संपूर्ण बदलतो. गाडगेबाबांनी हे नेमके ओळखले होते. ते स्वतः कष्टकरी जातीतले असूनही झाडण्याचे काम ते साऱ्या गावाच्या डोळ्यांपुढे, सगळ्यांच्या दारात करत आणि वरच्या आळीतील माणसांनाही त्यात ओढत. बाबासाहेब आणि गाडगेबाबा यांच्यात परस्परांविषयी आदर होता. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा गाडगेबाबांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली आणि दोघांचे निधनही १९५६च्या डिसेंबरमध्ये, अवघ्या चौदा दिवसांच्या अंतराने झाले. ग्रामसफाईची सुरुवात कोणाच्या हातांनी होते, हा म्हणूनच तपशिलाचा प्रश्न नसून या कार्यक्रमाच्या प्रामाणिकपणाची पहिली कसोटी आहे, आणि ज्या शाखांनी या कसोटीकडे दुर्लक्ष केले, त्यांची सफाई काही विशिष्ट घरांपुरती उरली, असे स्पष्टपणे म्हणावे लागते.

सफाईखेरीज श्रमांची इतर कामे ऋतूप्रमाणे बदलतात. पावसाळ्याच्या तोंडावर पांदण रस्त्याचे काम निघते. पांदण म्हणजे गावातून वावरांकडे जाणारी गाडीवाट, जी काळ्या मातीत दोन पावसांनंतर गुडघाभर चिखलाची होते आणि जिच्यामुळे पेरणीच्या ऐन दिवसांत बियाणे डोक्यावर वाहून न्यावे लागते. तिच्या कडेच्या चऱ्या मोकळ्या करणे, खड्ड्यांत मुरूम टाकणे, दोन्ही बाजूंनी सरकत आलेले धुरे, म्हणजे शेतांचे बांध, संबंधित शेतकऱ्यांच्या संमतीने मागे घेणे ही कामे फावड्याइतकीच समजुतीने करावी लागतात. धुऱ्यावरून भावाभावांत वैर झाल्याची उदाहरणे वऱ्हाडात गावोगाव सापडतात, म्हणून पांदणीचे काम हाती घेणारा प्रचारक सकाळी कुदळ चालवतो आणि दुपारी दोन घरांत बसून तडजोड घडवतो. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात शोषखड्डे, वनराई बंधारे आणि वृक्षलागवडीसाठी खड्डे खणणे अशी कामे असतात. शोषखड्डा म्हणजे घरातील सांडपाणी रस्त्यावर न येता जमिनीत मुरावे यासाठी दगड, विटांचे तुकडे आणि वाळू यांचे थर भरून केलेला खड्डा. वनराई बंधारा म्हणजे रिकाम्या सिमेंटच्या पोत्यांत माती किंवा वाळू भरून ओढ्यावर घातलेला तात्पुरता बांध, ज्यात पावसाळ्यानंतरचे वाहते पाणी काही आठवडे अडून राहते. शोषखड्ड्याचे काम विशेष महत्त्वाचे, कारण ते घराच्या आवारात करावे लागते. प्रचारक आणि घरमालक दोघे मिळून एका खड्ड्यात उतरले की जी ओळख होते, ती दहा सभांतून होत नाही.

श्रमदान या कार्यक्रमाला स्वातंत्र्यानंतर राज्यव्यवस्थेनेही उचलून धरले. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या सामूहिक विकास कार्यक्रमात गावकऱ्यांच्या श्रमांचा वाटा गृहीत धरलेला होता. पुढे राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून महाविद्यालयीन विद्यार्थी खराटा घेऊन गावांत गेले. २०००-०१ पासून महाराष्ट्रात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराज स्वच्छ ग्राम स्पर्धेने दुसऱ्या नावाचाही मान ठेवला. अलीकडच्या काळात पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत कारंजा तालुक्यातील गावेही उतरली होती आणि उन्हाळ्याच्या कडाक्यात शेकडो माणसे पहाटेपासून सलग समतल चर खणताना दिसली. उताराला आडवे, एकाच उंचीवरून खणलेले हे चर पावसाचे पाणी थोपवून मुरवतात. स्पर्धेने उत्साह निर्माण होतो आणि मोजमापाची शिस्त लागते, या तिच्या जमेच्या बाजू आहेत. परंतु स्पर्धेला अंतिम तारीख असते आणि बक्षीस असते, तर प्रचारकाच्या कामाला दोन्ही नसते. म्हणूनच स्पर्धा संपल्यावर चरांत साचलेला गाळ पुढच्या वर्षी कोण काढणार, हा प्रश्न शेवटी अशाच एखाद्या माणसाच्या वाट्याला येतो.

श्रमदानावरचा सर्वांत गंभीर आक्षेप मजुराच्या बाजूने आहे. ज्याला जमीन नाही आणि जो रोजंदारीवर निंदण, डवरणी, सोंगणी किंवा कापूस वेचणी करतो, त्याने एक दिवस दान दिला तर त्या दिवसाची चूल अडते. आणि त्या श्रमांतून अडलेले पाणी बहुधा ज्याच्याकडे विहीर आहे त्याच्याच वावरात जाते. महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ साली केला, तो श्रमाला दाम मिळण्याचा हक्क मान्य करूनच; या हक्काच्या शेजारी श्रमदान कसे उभे राहते, याचा विचार केल्यावाचून गावात फावडे उचलायला सांगणे अन्यायाचे होते. सेवामंडळाच्या दिनक्रमात सार्वजनिक काम पहाटे ठेवलेले आहे, त्याचा एक व्यवहारी लाभ इथे दिसतो. मजुरीची वेळ साधारणपणे सकाळी आठ-नऊपासून सुरू होते आणि त्याआधीचा तास-दीड तास गरिबाला आणि श्रीमंताला सारख्याच किमतीचा पडतो. मोठे काम असेल तर प्रचारकाने रोजगार हमीची मागणी नोंदवायला मजुरांना मदत करावी आणि श्रमदान भूधारकांकडून घ्यावे, हीच न्याय्य वाटणी आहे. तुकडोजी महाराजांच्या ‘ग्रामगीते’त श्रमसंपत्ती या विषयाला स्वतंत्र अध्याय आहे, आणि गरिबी-श्रीमंतीचा विचारही त्याच ग्रंथात केलेला आहे, ही गोष्ट श्रमदानाची छायाचित्रे काढून घेणाऱ्यांनी लक्षात ठेवली पाहिजे.

‘ग्रामगीता’ १९५५ साली प्रसिद्ध झाली. ४१ अध्याय आणि ४६७५ ओव्यांच्या या ग्रंथात ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, महिलोन्नती, सण-उत्सव यांच्यासोबत प्रचारमहिमा हाही एक अध्याय आहे. गावाची रचना सांगणाऱ्या ग्रंथात प्रचारकाला जागा दिलेली आहे, यावरून महाराजांच्या मनात या भूमिकेचे वजन किती होते ते कळते. प्रचारकाच्या झोळीत हा ग्रंथ असतोच. पण ओसरीवर बसल्यावर तो लगेच उघडला जात नाही.

घरभेटींचा वेळ म्हणजे सकाळचे काम आटोपल्यानंतरचे काही तास आणि मग पुन्हा दिवेलागणीपूर्वीचा वेळ. मधल्या वेळेत, विशेषतः खरिपाच्या दिवसांत, गाव वावरात असते. त्यामुळे प्रचारकही कित्येकदा वावरातच जातो आणि काम चालू असताना, शेंगा तोडताना किंवा बोंडे वेचताना, हात चालवतच बोलणे होते. घरी गेल्यावर ‘जय गुरू’ म्हणून नमस्कार, पाणी, चहा आणि मग चौकशी, असा क्रम ठरलेला असतो. चौकशी शाखेच्या कामापासून सुरू होत नाही. म्हातारी माणसे कशी आहेत, पोराच्या नोकरीचे काय झाले, बैलजोडी ठेवली की विकली, सोयाबीन किती पिकले आणि कोणत्या भावाने गेले, हे आधी येते. प्रार्थनेला येणारा एखादा भाऊ काही आठवडे दिसला नाही, तर प्रचारक त्याच्याकडे जातो, पण तो का आला नाही हे विचारत नाही. घरातील कोणी बोलता बोलता सांगते. न येण्याचे कारण कधी आजारपण असते, कधी शेजाऱ्याशी भांडण, कधी पुन्हा सुरू झालेली दारू, आणि कधी कर्जाची लाज, जिच्यामुळे माणूस चार लोकांत बसणे टाळतो.

कर्जाची ही लाज वऱ्हाडात केवळ मनःस्थितीचा विषय राहिलेली नाही. २००६ साली तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यांत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वर्धा यांच्यासोबत वाशीमही होता. शेतकरी आत्महत्यांच्या कारणांवर अर्थतज्ज्ञांनी आणि आयोगांनी पुष्कळ लिहिले आहे. कोरडवाहू शेती, कापसाचा आणि सोयाबीनचा बेभरवशाचा भाव, वाढता लागवडखर्च, सावकारी कर्ज या कारणांवर घरभेट हा उपाय नाही आणि तो तसा आहे असे सांगणे फसवणुकीचे होईल. तरीही संकटात सापडलेला माणूस आधी लोकांतून बाजूला होतो आणि तो बाजूला झाला आहे हे वेळेत ओळखण्यासाठी नियमित येणारे, काहीही न मागणारे, काहीही न विकणारे कोणी तरी लागते. बँकेचा माणूस वसुलीला येतो, दुकानदार उधारीला येतो, पुढारी मतदानाच्या वेळी येतो. ज्याच्यासोबत सकाळी नाली उपसली, तो माणूस संध्याकाळी घरी आला तर दार उघडताना मनात संशय येत नाही. हाताच्या कामाने मिळालेला हा विश्वासच घरभेटीचे भांडवल आहे, आणि प्रचारकाच्या दिवसात श्रमाला पहिली जागा का आहे याचे उत्तर इथे मिळते.

दारूचा विषय वेगळ्या रीतीने हाताळावा लागतो. गाडगेबाबांच्या घराची घडी वडिलांच्या दारूने विस्कटली होती, आणि त्यांच्या कीर्तनात हा विषय येई तो स्वतःच्या अनुभवाच्या धगीने. सेवामंडळाच्या कामातही व्यसनमुक्ती पहिल्यापासून आहे. परंतु पुरुष प्रचारक ओसरीपर्यंत पोहोचतो, चुलीपर्यंत नाही. आणि दारूची खरी हकीकत चुलीजवळच सांगितली जाते. मार खाल्लेली बाई परक्या पुरुषापुढे बोलत नाही, आणि नवऱ्यासमोर तर मुळीच नाही. महिला सेविका ज्या शाखेत आहेत, त्या शाखेची घरभेट म्हणून निराळी होते : एक जण बाहेर भाऊंशी बोलतो, दुसरी आत ताईंशी. ‘ग्रामगीते’त महिलोन्नतीचा अध्याय असतानाही गावपातळीवरच्या रचनेत स्त्रियांचा वाटा प्रार्थनेच्या उपस्थितीपेक्षा फारसा पुढे अनेक ठिकाणी गेला नाही, आणि ही या चळवळीतील ठळक उणीव आहे, ग्रामसभेत दारूबंदीचा ठराव मांडायला महाराष्ट्रभर बायाच पुढे आल्या असताना तर ती अधिकच जाणवते.

मृत्यू झालेल्या घरी जाणे हाही भेटींचा मोठा भाग असतो. तेरवीच्या जेवणावळीसाठी कर्ज काढणे हे वऱ्हाडात अपवादाने घडत नाही, आणि समाज काय म्हणेल या भीतीपुढे दुःखात असलेले घर एकटे पडते. अशा घरी प्रचारकाने निव्वळ खर्च टाळण्याचा सल्ला दिला तर तो कोरडा वाटतो. म्हणून शाखेचे सेवक स्वतः तिथे बसून सामुदायिक प्रार्थना करतात, मृत माणसाविषयी चार शब्द बोलतात, त्याच्या नावाने झाड लावण्याचे सुचवतात आणि अशा रीतीने जेवणावळीची जागा भरून काढतात. रूढी सोडायला सांगताना तिच्या जागी काही तरी हातात द्यावे लागते, हे ग्रामीण समाजाचे बारीक निरीक्षण या पद्धतीमागे आहे.

दिवेलागणीला सामुदायिक प्रार्थना होते. सामुदायिक प्रार्थना म्हणजे सर्व जातिधर्मांच्या माणसांनी एकत्र, एका लयीत आणि ठरलेल्या शिस्तीत बसून करायची उपासना. तिच्यासमोर विशिष्ट देवतेची मूर्ती आवश्यक नसते, अधिष्ठान म्हणून मांडलेले शुभ्र आसन असते. जोडे बाहेर ओळीने ठेवणे, रांगा सरळ धरणे, वेळ पाळणे यांवर जो भर आहे, तो बाहेरच्याला कडक वाटू शकतो. परंतु ज्या गावात पंगत आणि पाणवठा जातीनुसार वेगळा होता, तिथे रांगेत मिळेल ती जागा घ्यायची आणि शेजारी कोण बसले आहे हे पाहायचे नाही, हा नियम त्या काळी मोठे धाडस होते. प्रार्थनेनंतर खंजिरीवर भजन होते. तुकडोजी महाराजांची खंजिरी प्रसिद्धच होती आणि हिंदी व मराठी भजनांतून ते शेती, सहकार, व्यायाम, देशरक्षण असे विषय मांडत. भजन संपल्यावर पाच-दहा मिनिटांत दुसऱ्या दिवसाचे काम ठरते : कोणती नाली, कोणती पांदण, कोणाकडे फावडी आहेत, कोणाच्या घरी शोषखड्डा हवा आहे. प्रचारकाचा मुक्काम एखाद्या सेवकाच्या घरी असतो आणि त्या घरची भाजी-भाकर हेच त्याचे जेवण असते.

आज या रचनेपुढची अडचण साधनांची नाही. मोझरीला दरवर्षी आश्विन वद्य पंचमीला, म्हणजे ११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराजांचे निर्वाण झाले त्या तिथीला, मौन श्रद्धांजलीसाठी विदर्भभरातून आणि बाहेरूनही प्रचंड समुदाय जमतो. विद्यापीठांना दोन्ही संतांची नावे मिळाली आहेत. उन्हाळ्यात मुलांची सुसंस्कार शिबिरे भरतात. अडचण आहे ती रोज पायी फिरणाऱ्या माणसाची. आजीवन प्रचारकांची जुनी पिढी थकली आणि तरुण मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी अमरावती, नागपूर, पुण्याला गेली. गावात उरलेला सेवक दिवसभर वावरात आणि संध्याकाळी मोबाइलवर असतो. शाखेचा निरोप आता मोबाइलवर एका क्षणात सर्वांना जातो, त्यामुळे घरी जाऊन सांगण्याचे निमित्तच नाहीसे झाले, आणि निरोपाच्या निमित्ताने होणारी चौकशीही त्याच्यासोबत गेली. काही ठिकाणी यावर व्यवहारी तोड निघू शकते : पूर्णवेळ प्रचारकाची वाट न पाहता शाखेने आपली घरे वाटून घ्यावीत, प्रत्येक सेवकाकडे आठ-दहा घरे असावीत आणि महिन्यातून एकदा त्या घरी पाय लागावा. निवृत्त शिक्षक, एसटीतून निवृत्त झालेले चालक-वाहक, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या ताई यांच्याकडे यासाठी लागणारा वेळही आहे आणि गावाची माहितीही.

मोझरीचा पुण्यतिथी महोत्सव आटोपून सेवक गावाकडे परततात, तेव्हा दिवाळी आठ-दहा दिवसांवर असते. सोयाबीनची सोंगणी झालेली किंवा संपत आलेली, कापसाची पहिली वेचणी सुरू झालेली, हरभऱ्यासाठी रान तयार होत असलेले आणि घरात वर्षातला पहिला पैसा आलेला किंवा भावाअभावी अडलेला, असा तो काळ असतो. याच काळात सावकाराची आणि कृषी केंद्राची उधारी चुकवायची असते, दारूच्या दुकानावर गर्दी वाढते, लग्नांच्या बोलण्या सुरू होतात आणि ओढ्यांतून अजून पाणी वाहत असल्यामुळे पोती भरून बांध घालायला हीच शेवटची संधी असते. वर्षभरातील घरभेटींपैकी सर्वाधिक भेटी या पंधरवड्यात व्हायला हव्यात आणि बंधाऱ्याचे कामही याच पंधरवड्यात उरकायला हवे. कामरगावच्या परिसरातील कोणत्याही शाखेने वर्षाची आखणी करताना पहाटेचा वेळ ओढ्याला आणि दिवेलागणीचा वेळ घरांना द्यावा, आणि दिवाळीच्या सुट्टीत गावी आलेल्या शहरातील मुलांना पहिल्याच सकाळी फावड्यांसह ओढ्यावर बोलवावे.